सुपरहिरोच्या दुसऱ्या सीझनवर प्रेक्षकांची दोन मतं का होतात? ‘पीसमेकर’पासून ‘शक्तिमान’पर्यंत

‘पीसमेकर’ या अमेरिकी सुपरहिरो मालिकेचा दुसरा सीझन २१ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला. आठ भाग, दर आठवड्याला एक. समीक्षकांनी बहुतांशी कौतुक केलं. पण ऑक्टोबरमध्ये शेवटचा भाग आला आणि प्रेक्षकांमध्ये सरळ दोन गट पडले. एका गटाला शेवट आवडला, तर दुसऱ्याला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

यवतमाळ जिल्ह्यात वणी किंवा पुसदला मोबाईलवर मालिका बघणारा तरुण आता या वादात त्याच आठवड्यात सामील होऊ शकतो. त्याच्या मोठ्या भावाच्या किंवा काकाच्या पिढीला हे शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी सुपरहिरो म्हणजे दूरदर्शनवरचा ‘शक्तिमान’ आणि चर्चेची जागा म्हणजे शाळेचं पटांगण.

साधनं बदलली, पण भांडण फारसं बदललेलं नाही. आवडत्या हिरोचा पुढचा अध्याय आला की मतं विभागली जातात. असं का होतं?

(सूचना: पुढे ‘पीसमेकर’च्या कथेतले काही तपशील आहेत.)

‘पीसमेकर’वर नाराजी कशामुळे?

जॉन सीनाने साकारलेला पीसमेकर हा शांततेसाठी कितीही माणसं मारायला तयार असलेला विक्षिप्त हिरो. २०२२ मधल्या पहिल्या सीझनमध्ये त्याच्या क्रूर बापाची आणि त्याच्या अपराधी भावनेची गोष्ट होती. ती त्या सीझनमध्येच पूर्णही झाली.

दुसऱ्या सीझनमध्ये त्याला एका समांतर जगाचा दरवाजा सापडतो. तिथे त्याचे वडील आणि भाऊ जिवंत आहेत, लोक त्याला डोक्यावर घेतात. पुढे कळतं की त्या जगात दुसरं महायुद्ध नाझींनी जिंकलेलं आहे. शेवटच्या भागात सरकारी यंत्रणा पीसमेकरला एका अनोळखी ग्रहावर एकटं सोडून देते आणि मालिका तिथेच संपते.

पात्रांच्या नात्यांची गोष्ट नीट सांगितली गेली, असं कौतुक करणाऱ्यांचं म्हणणं. नाराज प्रेक्षकांची तक्रार वेगळी होती. त्यांच्या मते शेवटचा भाग म्हणजे पुढच्या चित्रपटांची जाहिरातच होती. या तक्रारीला आधारही आहे. मालिकेचे लेखक जेम्स गन हेच २०२२ पासून डीसी स्टुडिओजचे सहप्रमुख आहेत. त्यामुळे एक मालिका पूर्ण करणं आणि पुढच्या चित्रपटांची पायाभरणी करणं, ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच होती.

दुसऱ्या सीझनचंच असं का होतं?

यामागे मुख्यतः तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण कथेतच असतं. साध्या माणसाला शक्ती मिळते, तो गोंधळतो, चुकतो आणि मग उभा राहतो. सुपरहिरोच्या गोष्टीतला हा सगळ्यात रंगतदार भाग पहिल्याच सीझनमध्ये वापरून होतो. दुसऱ्या सीझनला नवा प्रश्न शोधावा लागतो. तोच प्रश्न पुन्हा मांडला तर ‘नवीन काय?’ असं विचारलं जातं. प्रश्न बदलला तर ‘आमची मालिका राहिली नाही’, अशी ओरड होते.

दुसरं कारण निर्मितीतल्या अडचणी. ‘हीरोज’ ही मालिका २००६ मध्ये अमेरिकेत प्रचंड गाजली. दुसरा सीझन २००७ मध्ये आला, पण संथ कथेमुळे प्रेक्षक कंटाळले. मालिकेचे निर्माते टिम क्रिंग यांनी चुका जाहीरपणे मान्य केल्या. त्याच सुमारास हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला आणि हा सीझन ११ भागांतच गुंडाळावा लागला. त्यानंतर मालिकेला आधीची लोकप्रियता परत मिळाली नाही.

तिसरं कारण प्रदर्शनाची पद्धत. ‘द बॉईज’चा पहिला सीझन २०१९ मध्ये एकाच दिवशी पूर्ण उपलब्ध झाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या सीझनचे आधी तीन भाग आले आणि पुढचे आठवड्याला एक. चिडलेल्या अनेक प्रेक्षकांनी ॲमेझॉनवर एक-एक तारा दिला. बऱ्याच जणांना मालिका आवडलेली होती. राग होता तो थांबावं लागल्याचा.

‘शक्तिमान’चं काय झालं?

भारतातलं सगळ्यात जवळचं उदाहरण ‘शक्तिमान’चं आहे. मुकेश खन्ना यांची ही मालिका १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. ज्या गावांत केबल पोहोचलेली नव्हती, तिथल्या मुलांसाठी तर तोच एकमेव सुपरहिरो होता. शक्तिमानची नक्कल करताना मुलं जखमी झाल्याच्या बातम्या आल्या आणि मालिकेवर टीकाही झाली.

एप्रिल २०२०, लॉकडाऊनच्या काळात दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने चित्रपटत्रयीची घोषणा केली. प्रमुख भूमिकेसाठी रणवीर सिंगच्या नावाची चर्चा सुरू झाली, तेव्हा मार्च २०२४ मध्ये खन्ना यांनी त्याला जाहीर विरोध केला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये खन्ना यांनी शक्तिमान परत येत असल्याची घोषणा केली आणि स्वतः तोच पोशाख घालून माध्यमांसमोर आले. काहींना बालपण आठवलं. काहींनी साठी ओलांडलेल्या अभिनेत्याची खिल्ली उडवली. ‘आता नव्या माणसाला संधी द्या’ असंही अनेकांनी सुनावलं. पुढचा शक्तिमान आपणच होणार, असं सांगायला आलो नव्हतो, असा खुलासा खन्ना यांना करावा लागला. २०२५ मध्ये ‘शक्तिमान रिटर्न्स’ ही ऑडिओ मालिका मात्र आली.

इथे नवी गोष्ट समोर येण्याआधीच मतं विभागली गेली होती. एका पिढीला जसाच्या तसा शक्तिमान हवा आहे. मार्व्हल आणि डीसी बघून वाढलेल्या पिढीला तो आजच्या ताकदीचा हवा आहे. एकाच पोशाखात या दोन्ही अपेक्षा बसवणं कठीण आहे.

रेटिंगचे आकडे कसे वाचायचे?

सोशल मीडियावर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये बहुतेक वेळा ‘रॉटन टोमॅटोज’चा आकडा असतो. ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. १०० पैकी ९० समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना मालिका ‘बरी’ वाटली, तरी आकडा १०० टक्के दिसू शकतो.

प्रेक्षकांच्या आकड्याची अडचण वेगळी. ज्यांना खूप आवडलं किंवा खूप राग आला, तेच प्रामुख्याने मत नोंदवतात. ठरवून कमी गुण देण्याच्या मोहिमाही होतात. ‘कॅप्टन मार्व्हल’बाबत चित्रपट येण्याआधीच असं घडलं. त्यानंतर २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेणं बंद केलं.

म्हणून आकड्यापेक्षा तक्रार वाचणं जास्त उपयोगाचं ठरतं. राग कथेवर आहे, कलाकारावर आहे की आठवडाभर थांबावं लागल्यावर, हे आकडा सांगत नाही.

यात मराठी प्रेक्षक कुठे आहे?

परदेशी सुपरहिरो मालिका भारतात आल्या की हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज बहुधा मिळतात. मराठीचा पर्याय क्वचितच दिसतो. यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी वऱ्हाडी बोलली जाते. पुसद-दिग्रसकडे बंजारा तांडे आहेत, तर झरी जामणी, मारेगाव भागात कोलामी बोलणारी कुटुंबं आहेत. कोलामी घरातलं मूल शाळेत मराठी शिकतं आणि सुपरहिरो हिंदीत बघतं. म्हणजे हिरो त्याच्यापर्यंत तिसऱ्या भाषेतून पोहोचतो.

स्थानिक सुपरहिरो चालत नाही, असं मात्र नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘मिन्नल मुरली’ या मल्याळम चित्रपटाचा हिरो केरळच्या एका खेड्यातला शिंपी आहे आणि तो देशभर आवडला. मराठीतही २०१५ मध्ये श्रेयस तळपदेचा ‘बाजी’ येऊन गेला, पण त्यातून सुपरहिरोपटांची परंपरा उभी राहिली नाही.

‘पीसमेकर’चा शेवट योग्य होता की नाही, यावर मराठी प्रेक्षकही आज हिरिरीने भांडतो आहे. मात्र, ‘दुसरा सीझन बिघडला’ अशी तक्रार करायची, तर आधी पहिला सीझन यावा लागतो. मराठी सुपरहिरो मालिकेबाबत ती वेळ अजून आलेली नाही.