माळढोकची पिल्लं वाढतील; पण सोडणार कुठे?

तुमच्या ताटातलं चिकन आणि राजस्थानातल्या जैसलमेर जिल्ह्यात वाढणारं माळढोकचं पिल्लू, दोघांची सुरुवात एकाच प्रकारच्या यंत्रात होते. ते म्हणजे इन्क्युबेटर. ठरलेलं तापमान, ठरलेली आर्द्रता आणि ठराविक वेळाने अंडं फिरवणं. इंजिनीअरिंग शिकलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच कळतं आणि लगेच प्रश्नही पडतो: कोंबड्या कोट्यवधींनी वाढवता येतात, तर माळढोक का नाही?

कोंबडीचं गणित सोपं का?

पोल्ट्रीला एकसारखे पक्षी हवे असतात. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. आज ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतो. लेअर कोंबडी वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते. गावरान कोंबडी खुडूक बसली की अंडी देणं थांबवते. लेअरमधून हा खुडूकपणाच जवळपास काढून टाकला आणि अंडी उबवायचं काम मशीनकडे गेलं. धंद्याच्या दृष्टीने हे चालतं, कारण या पक्ष्याला शेडबाहेर स्वतःच्या बळावर जगायचंच नसतं.

माळढोकचं गणित उलटं

माळढोकची मादी बहुतेकदा एका वेळी एकच अंडं घालते. मोकळ्या माळावर १५०पेक्षाही कमी पक्षी उरल्याचा अंदाज आहे. म्हणून केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून प्रजनन प्रकल्प हाती घेतला. २०१९मध्ये माळावरची अंडी काळजीपूर्वक उचलून 'सम' इथल्या केंद्रात उबवायला सुरुवात झाली. पुढे रामदेवरा इथे दुसरं केंद्र आलं. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. हे यश मोठंच आहे.

पण इथे पोल्ट्रीचे नियम लागू होत नाहीत. इथे एकसारखेपणा हाच धोका आहे. मोजकेच पक्षी असल्याने जवळच्या नात्यात संकर होऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. शिवाय माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं मानतं. त्याला चारा-किडे शोधणं, कोल्ह्या-कुत्र्यापासून जपणं पुन्हा शिकावं लागतं.

आणि पिंजऱ्याबाहेर?

बाहेर विजेच्या तारा आहेत. माळढोकला समोरचं नीट दिसत नाही. नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं, त्यामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. तारेवर आदळून हे पक्षी मरतात. सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्पही याच मोकळ्या माळांवर उभे राहतात. स्वच्छ वीज आपल्याला हवीच आहे. म्हणूनच निदान माळढोकच्या वावराच्या पट्ट्यात तारा जमिनीखालून नेण्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरला पाहिजे, असं माझं मत आहे.

गिधाडांनी हा धडा आधीच दिला आहे. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास सुरू झाली. पण त्यांचा जीव घेणारं डायक्लोफेनॅक हे जनावरांचं औषध २००६मध्ये बंद झालं नसतं, तर वाढवलेली गिधाडं सोडून उपयोग काय होता? आधी मारणारं कारण हटवायचं, मग पक्षी सोडायचे. क्रम हाच हवा.

आपला संबंध काय?

सोलापूरजवळचं नान्नज हे कधीकाळी माळढोक पाहण्याचं हमखास ठिकाण होतं. १९७९मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आज तिथे माळढोक दिसणं हीच बातमी होते. उद्या राजस्थानातून काही पक्षी महाराष्ट्राला देऊ केले, तर त्यांना सोडायला माळ शिल्लक असेल का? आपण अजूनही गवताळ माळाला 'पडीक जमीन' म्हणतो. मग तिथे कधी झाडं लावतो, कधी प्लॉट पाडतो.

केंद्रात किती पिल्लं जन्मली, हा आकडा बातमीसाठी चांगला आहे. प्रकल्पाचा निकाल मात्र दुसऱ्याच आकड्यावर लागेल: सोडलेल्या पक्ष्यांपैकी किती जगले आणि किती माद्यांनी स्वतःचं अंडं माळावर स्वतः उबवलं. तो आकडा सरकारने दरवर्षी जाहीर करावा. आणि आपण तो विचारत राहावं.