गणपतीला दुचाकीवर निघताय? आधी पुढचे ब्रेक पॅड बघा!

मुंबई-पुण्याहून दुचाकीवर कोकणात जाणाऱ्या सर्वांना आम्हा गॅरेजवाल्यांची कळकळीची विनंती : घाट उतरण्याआधी, आजच, गाडीपुढे उकिडवे बसा आणि पुढच्या कॅलिपरमध्ये टॉर्च मारा.

‘गाडीला एबीएस आहे, काळजी नाही,’ हे आम्ही रोज ऐकतो. १२५ सीसीपेक्षा मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, हे चांगलंच झालं. पण त्याचं काम एवढंच, की चाक जाम व्हायला लागलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा आणि पुन्हा धरायचा. डिस्कला पकडतात ते पॅडच. आणि मीटरवरचा एबीएसचा दिवा यंत्रणेतला बिघाड दाखवतो. पॅड संपले म्हणून तो पेटत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

पॅडच्या पत्र्यावरचा थर दोन मिलिमीटरवर आला किंवा त्यातली खाच बुजत आली, तर पॅड बदला. दोन्ही बाजू बघा. आतला पॅड कधीकधी आधी संपतो. ब्रेक ऑइल खाली गेलं म्हणून नुसतं वरून भरू नका. पॅड झिजले की ते आपोआप उतरतं. टाकी भरलेली असेल, तर नवे पॅड बसवताना पिस्टन आत दाबल्यावर ऑइल बाहेर सांडतं आणि रंग खातं.

स्वतः बदलणार असाल, तर एवढं पाळा :

• पॅड बाहेर असताना लिव्हर दाबू नका.
• पॅडला, डिस्कला ऑइल-ग्रीसचा हात लावू नका.
• चाकाजवळची एबीएस सेन्सरची वायर ओढू नका.
• ब्रेकचा पाइप सोडू नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना सर्व्हिस सेंटरचं मशीन लागतं.
• गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. हे विसरलात, तर पहिलाच ब्रेक लागणार नाही.

आणि हे काम निघायच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला शे-दोनशे किलोमीटर जातात. तोवर पकड कमी असते. ते किलोमीटर ऑफिसच्या रस्त्यावर, हलक्या हाताने होऊ द्यात, भरपावसात कशेडी किंवा ताम्हिणी उतरताना नकोत.