धाटावला थोपवणारे हात हवेत

ऑनलाइन खेळांची आपल्याकडची चर्चा व्यसन आणि पैसा या दोन मुद्द्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्यामुळे गट करून खेळायच्या खेळांत गेल्या वीस वर्षांत मुरलेले एक शहाणपण नजरेआड राहिले आहे. धाटावसारख्या रासायनिक औद्योगिक वसाहतीने ते उचलावे, असे माझे मत आहे. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पाच जणांचा गट शत्रूच्या गुहेत शिरतो. त्यातला एक ‘टँक’. शत्रूचा राग स्वतःवर ओढून घ्यायचा आणि तो दुसऱ्या कुणाकडे वळू द्यायचा नाही, हे त्याचे काम. ‘हीलर’ त्याला जगवतो. उरलेले तिघे मारतात, पण त्यांच्यातल्याच कुणावर आणखी एक जोखीम असते. समोर चार शत्रू असले तर एकदोघांना जागच्या जागी गप्प करून ठेवायचे. जादूगार शत्रूची मेंढी करतो. मात्र त्या मेंढीला कुणाचा एक फटका जरी चुकून लागला तरी जादू तुटते आणि शत्रू पुन्हा अंगावर येतो. म्हणून जाणते गट पुढे सरकण्याआधी खुणा ठरवतात. कवटीची खूण असेल त्याला आधी पाडायचे, चंद्राची खूण असेल त्याला हात लावायचा नाही. ताकदवान गटसुद्धा उतावळेपणाने कोसळतात. रायगडच्या मैदानांवर कबड्डी पाहणाऱ्याला हे सांगायला नको. कोपऱ्याने पाय पकडण्याआधीच मधल्याने झेप घेतली की चढाई करणारा सुटलाच.

धाटावची वसाहत कुंडलिकेच्या काठी, रोह्याला लागून आणि गावांना खेटून आहे. १२ सप्टेंबर २०२४ रोजी इथल्या एका कारखान्यात मेथॅनॉलच्या साठवण टाकीवर वेल्डिंगचे काम चालू असताना स्फोट झाला आणि तीन कामगारांचा जीव गेला. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये याच जिल्ह्यात महाडच्या वसाहतीत अकरा जण गेले होते. असे अपघात होऊच नयेत, ही पहिली मागणी आणि ती कधीही मागे पडता कामा नये. पण अपघात झालाच तर पुढच्या काही मिनिटांत कोण काय करतो यावर मृतांचा आकडा ठरतो. त्या मिनिटांत माणसाची सहजप्रवृत्तीच त्याचा घात करते. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली नोंदवले होते, की टाक्या, खड्डे, गटारे अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला धावलेल्यांचे असतात. आत पडलेला सहकारी दिसतो, दुसरा उडी घेतो, त्याच्यामागे तिसरा. त्या धाडसाला नावे ठेवण्याचा प्रश्नच नाही. ‘तू इथेच थांब, थांबणे हेच तुझे काम’ असे त्यांना कुणी आधी सांगितलेले नसते, हे खरे दुखणे आहे. आगीतही हेच होते. जळणाऱ्या टाकीकडे सगळ्यांचे लक्ष आणि सगळे पाणी जाते. शेजारची टाकी तापत राहते. ती थंड ठेवणारा माणूस काहीच विझवत नसतो, तरी दुसरा स्फोट तोच टाळतो.

यावर पहिला आक्षेप येणारच: खेळात मेलेला पुन्हा उठतो, कारखान्यात उठत नाही; मग खेळाकडून काय शिकायचे? संकटात माणसे कशी वागतात, ते. २००५ च्या सप्टेंबरमध्ये याच खेळातल्या एका राक्षसाचा संसर्गजन्य शाप चुकून गुहेबाहेर पसरला आणि खेळातली शहरे ओस पडली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या अभ्यासकांनी त्यावर ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये २००७ साली लेख लिहिला. काय चालले आहे ते बघायला लोक मुद्दाम साथीच्या जागी गेले आणि शाप घेऊन परतले, अशी त्यातली एक नोंद. स्फोटाच्या आवाजानंतर फाटकावर जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही नोंद परकी वाटणार नाही. शिवाय खेळात मरण फुकट असते, हाच त्याचा मोठा उपयोग. सगळा गट मेला की मंडळी बसून बोलतात: मेंढीला कुणी मारले, टँक कुठे वळला. मग पुन्हा उतरतात.

दुसरा आक्षेप असा, की नियम आहेतच. खरे आहे. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनुसार औद्योगिक पट्ट्यांत स्थानिक आपत्ती गट असायला हवा आणि त्याने दर सहा महिन्यांनी किमान एक संपूर्ण रंगीत तालीम घ्यायला हवी. पण ठरल्या वेळी भोंगा वाजवून, ठरल्या जागी धूर सोडून, शेवटी छायाचित्र काढून केलेली तालीम फक्त यशस्वी होते, शिकवत काही नाही. तालमीत अपयशाला जागा हवी. ऐन वेळी मुख्य अधिकारी गैरहजर ठेवा, एक झडप अडकली असे सांगा, फाटकावर नातेवाइकांची गर्दी आणा आणि मग कोण कुठे धावले ते निर्भीडपणे लिहून काढा. त्या नोंदीमुळे कुणाची नोकरी जाणार नाही, हेही आधीच जाहीर करा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कामगार कंत्राटी, आज इथे तर उद्या तिथे. त्यांचा गट बांधणार कसा? खेळाने हाही प्रश्न हाताळला आहे. २००९ च्या डिसेंबरपासून या खेळात एकमेकांना कधी न भेटलेल्या पाच जणांचा गट यंत्रच जुळवते: एक टँक, एक हीलर, तिघे मारणारे. नावे माहीत नसतात, कामे माहीत असतात, म्हणून निभावते. अवघड मोहिमांना मात्र सवयीचाच गट लागतो, हेही मान्य करायला हवे. वायुगळतीला तोंड देणारे पथक कायम कामगारांचेच हवे. पण बाकीच्यांना कारखाना बदलला तरी भूमिका तीच राहील, अशी सोय साऱ्या वसाहतीत करता येईल: पाणी मारणाऱ्याचा एक रंग, बाहेर काढणाऱ्याचा दुसरा, फाटक सांभाळणाऱ्याचा तिसरा, आणि ‘आत जाऊ नका’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येक पाळीत एकाच माणसाकडे. हा माणूस व्यवस्थापकच असावा असे नाही. अनुभवी फिटरकडे तो अधिकार दिला, तर उत्पादन थांबवण्याच्या भीतीने त्याचा आवाज दबणार नाही एवढी हमी व्यवस्थापनाने लेखी द्यायला हवी.