रुळांलगत : यंत्र उभं, ब्लॉक नाही

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. बाहेरच्या जगाला ही दोन गावं ठाऊक आहेत ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळं. आजचा विषय मात्र वेगळ्या दगडाचा आहे, रुळांखालच्या खडीचा.

पांढुर्णा स्टेशन नागपूर–इटारसी मार्गावर, म्हणजे दिल्ली–चेन्नईच्या मुख्य लाइनवर येतं. या मार्गावरच्या स्टेशनांत एखाद्या सायडिंगला लांबलचक पिवळं यंत्र उभं दिसतं आणि प्रवासी त्याला क्रेन समजून विसरून जातात. ते असतं टॅम्पिंग मशीन. आपल्याकडची अशी बहुतेक यंत्रं प्लासर इंडियाची. मूळ कंपनी प्लासर अँड थॉयरर, ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात 1953 साली सुरू झालेली. फरिदाबादचा कारखाना साठच्या दशकातला.

यंत्राचं काम पाहत उभं राहावं असं असतं. ते रूळ स्लीपरसकट किंचित उचलतं, सरळ रेषेत आणतं आणि पोलादी दाते स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत घुसवतं. दाते सेकंदाला सुमारे 35 वेळा थरथरतात आणि खडी स्लीपरखाली दाबून बसवतात. मागून स्टॅबिलायझर फिरलं तर सैल झालेली खडी घट्ट होते. नाही फिरलं, तर गाड्या काही दिवस हळू चालवाव्या लागतात. काळ्या मातीच्या पट्ट्यात तर पावसाळ्यात खालून चिखल वर येतो, खडीला धरून बसतो आणि बसवलेली लाइन पुन्हा खचते.

पूर्वी हेच काम गँगमन बीटरनं करायचे. स्लीपर लाकडाचे, लोखंडाचे होते तोवर ते भागलं. आता ते काँक्रीटचे आहेत, एकेकाचं वजन अडीचशे किलोच्या वर. अशी लाइन मैलोन्‌मैल हातानं नीट बसवणं शक्य नाही. म्हणजे आपण अशी लाइन टाकली, जिला यंत्राशिवाय गत्यंतर नाही. मग ते यंत्र सायडिंगला का उभं?

देशभरचं उत्तर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2022 च्या अहवालात आहे. गाड्या रुळांवरून घसरण्याची कारणं तपासताना त्यांनी ट्रॅक मशीन का पडून राहतात तेही पाहिलं. त्यातली 32 टक्के वेळा परिचालन खात्यानं ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवून मोकळी ठेवलेली लाइन, दिला नव्हता. 30 टक्के वेळा विभागानं ब्लॉकची आखणीच केली नव्हती. कर्मचारी नाहीत हे कारण जेमतेम 5 टक्के. आपल्या सरकारी कारभारात ‘माणसं नाहीत’ हे उत्तर इतक्या खाली सापडावं, याचं मला नवल वाटलं.

ब्लॉक म्हणजे काय हे मुंबईकराला रविवारच्या मेगाब्लॉकनं शिकवलंय. इथल्यासारख्या लाइनवर तो मिळवणं जास्त कठीण. कोळशाची मालगाडी थांबवायला कुणाचं मन होत नाही. आणि तासाभराचा ब्लॉक मिळाला तरी यंत्र जागेवर न्यायचं, उघडायचं, पुन्हा मिटायचं, यातच त्यातला मोठा वाटा जातो. सलग तीन तास मिळाले तर काही हाती लागतं.

याच पांढुर्णा जिल्ह्यात उलटं चित्रही आहे. सौंसरवरून जाणारी नागपूर–छिंदवाडा लाइन आधी छोटी होती, आता रुंद झाली. गाड्या मोजक्या. तिथं यंत्राला वेळ मिळणं तुलनेनं सोपं. पण ती दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची आणि पांढुर्ण्याची लाइन मध्य रेल्वेची. जिल्हा 2023 मध्ये नवा झाला, रेल्वे दोनच राहिल्या.

यंत्राला वेळ मिळत नाही, तेव्हा दोन गाड्यांच्या फटीत गँगमन पाना आणि सब्बल घेऊन उतरतो. अनिल काकोडकर समितीनं 2012 च्या अहवालात नोंदवलं होतं की 2007-08 पासूनच्या चारेक वर्षांत सुमारे 1600 रेल्वे कर्मचारी कामावर असताना दगावले. त्यानंतर अनेक यंत्रं आली. 2023 च्या अखेरीस ब्लॉक वर्षभर आधीपासून आखण्याची तरतूदही नियमांत झाली.

नियम चांगला आहे. पण तो पाळला जातो का, हे तुम्हाआम्हाला कळायला वाव नाही. रेल्वेनं प्रत्येक विभागात दर महिन्याला तीनच आकडे जाहीर करावेत : किती तासांचा ब्लॉक मागितला, किती दिला, किती वापरला. स्टेशनवरच्या फलकावर लावले तरी चालतील, तिथं नाहीतरी जाहिरातीच असतात.

आपल्या बाजूचंही थोडं बोलू. खासदार आला की त्याच्या हातात निवेदन पडतं ते अमुक एक्स्प्रेसला इथं थांबा द्या म्हणून. संत्र्याच्या गावानं थांबा मागावा, यात गैर काही नाही. पण प्रत्येक नवा थांबा वेळापत्रकातली मिनिटं खातो, आणि गर्दीच्या लाइनवर यंत्राला द्यायचे तास त्याच वेळापत्रकातून काढायचे असतात. पुढच्या निवेदनात थांब्याखाली एक ओळ वाढवावी : ब्लॉकसाठी आमची गाडी दोन तास उशिरा आली तरी आमची हरकत नाही. अशा निवेदनावर सही करायला मी तयार आहे. स्टेशनवर ताटकळणारे बाकीचे किती तयार होतील, ते मात्र सावरगावकरांनीच सांगावं.