लिंबूटिंबू जिंकतो तेव्हा

गल्लीतल्या प्रत्येक टीममध्ये एक लिंबूटिंबू असतो. कुणाचा तरी धाकटा भाऊ, घेतलं नाही तर घरी जाऊन सांगेल म्हणून घेतलेला. तो आउट झाला तरी आउट नसतो आणि त्याने रन काढली तरी ती कुणी मोजत नाही. आता समजा, याच लिंबूटिंबूने एक दिवस टूर्नामेंट जिंकली. मग बाकीची पोरं काय म्हणतील? हा प्रश्न मला 2017 पासून पडलेला आहे आणि त्याचं उत्तर मला स्वतःलाच फारसं शोभणारं नाही. तरी लिहितो.

30 एप्रिल 2017, रविवार. मी तेव्हा याच कॉलेजात थर्ड इयरला होतो. (आता इथेच शिकवतो, त्यामुळे पुढच्या काही ओळी रेक्टर सरांनी वाचल्या नाहीत तरी चालेल.) सबमिशन डोक्यावर होतं, अर्धं हॉस्टेल जर्नलं उतरवण्यात गुंग. कॉमन रूमच्या टीव्हीवर त्या दिवसांत आयपीएलचं राज्य, तिथे फुटबॉलचं नाव काढायची सोय नव्हती. आम्ही चौघं जण एका रूममध्ये एका मोबाइलवर स्कोअर बघत बसलो होतो. रेंज अशी, की मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून ठेवलेला. मॅच होती शिलाँगला, शिलाँग लाजाँग विरुद्ध आयझॉल एफसी. आयझॉलला आय-लीग जिंकायला एक गुण पुरेसा होता. हरले असते आणि तिकडे मोहन बागान जिंकलं असतं, तर दोघांचे गुण सारखे झाले असते.

नवव्या मिनिटाला दिपांदाने लाजाँगसाठी गोल केला. शेजारच्या रूममधून आवाज आला, ‘झालं तुमचं!’ मग 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. तिकडे बागानने चेन्नई सिटीला 2-1 हरवलं, पण उपयोग झाला नाही. आयझॉल 37, मोहन बागान 36. ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच देशाचा लीग विजेता झाला. आणि तोही असा क्लब, ज्याचं आदल्या वर्षी त्या लीगमधून नावच कापलं गेलं होतं.

त्या रात्री मेसमध्ये मला तीन प्रकारचे लोक भेटले. हे तीन प्रकार अशा प्रत्येक विजयानंतर भेटतात.

पहिले, कावळा-फांदीवाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं यांचं म्हणणं. ‘बागानचे फॉर्वर्ड फॉर्मात नव्हते’, ‘पहाडात खेळताना दम लागतो’, वगैरे. यांना माझं एकच उत्तर. आपण इंजिनिअर आहोत. एका रीडिंगवरून ग्राफ काढलात तर मी तुमचं जर्नल परत पाठवीन. पण आयझॉलची ती अठरा रीडिंग होती! अठरा मॅच, त्यात अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव. बागानलाही त्यांनी 22 एप्रिलला झोमिंगलियाना राल्तेच्या गोलवर 1-0 हरवलं होतं. एखाद्या दिवशी फांदी मोडेल हो, पण अठरा फांद्या?

नॉकआउट स्पर्धेत नशिबाला जास्त जागा असते, हे मी मान्य करतो. 2004 चा युरो कप ग्रीसने जिंकला. त्याआधी मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेऱ्यांत त्यांनी एकही सामना जिंकलेला नव्हता. फ्रान्स 1-0, चेक प्रजासत्ताक 1-0, आणि लिस्बनच्या फायनलमध्ये खुद्द यजमान पोर्तुगाल 1-0. एखादा चेंडू बारला लागून आत गेला असता तर आज ग्रीसचं नाव कुणी काढलं नसतं. पण तिथेही बघा, तीन बाद सामन्यांत एकही गोल न खाणं हे नशिबाचं काम नाही, ते बचावाचं काम आहे. लोकांना ते बघायला कंटाळवाणं वाटलं, हा भाग वेगळा.

दुसरे, चमत्कारवाले. हे प्रेमळ लोक असतात. यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येतं. 2016 मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर कुणीतरी खडूने ‘5000 ला 1’ असं लिहून ठेवलं होतं. सट्टेवाल्यांनी हंगामाच्या सुरुवातीला लावलेला तो भाव. तो आकडा सगळ्यांना पाठ होता. पण लेस्टर दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा तब्बल दहा गुणांनी पुढे राहिलं, हे फार जणांना ठाऊक नव्हतं. ‘चमत्कार’ म्हटलं की हेच होतं. चमत्काराला हात जोडायचे असतात, त्याचा अभ्यास करायचा नसतो. आणि आपल्यासारख्या कॉलेजात, जिथे बरेच जण ‘कॅप राउंडला हेच मिळालं’ म्हणून आलेले आहेत, तिथे चमत्काराची गोष्ट भारी गोड लागते. आपल्यालाही एक दिवस असंच काहीतरी लागेल, तोवर झोपू या!

तिसरे, उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे. मी यातला. त्या रात्री मी सगळ्या मेसला सांगत फिरत होतो, ‘अरे, कोच आपला आहे, खालिद जमील, मुंबई एफसीचा! टीममध्ये आपला जयेश राणे आहे, मुंबईचा! आशुतोष मेहता आपल्याकडेच खेळायचा!’ आपला, आपला, आपला. गोव्याच्या गोलकीपर अल्बिनो गोम्सलासुद्धा मी शेजारधर्माने आपल्यात ओढला.

आता खरं काय ते सांगतो. 2016 च्या सुरुवातीला मी एकदाच कूपरेजला मुंबई एफसीची मॅच बघायला गेलो होतो. कर्जतहून दोन तासांच्या वर लोकल, वर सीएसटीपासून चालत. प्लास्टिकचं हिरवं मैदान, पिवळी जर्सी घातलेला थोडासा घोळका, बाकी खुर्च्याच खुर्च्या. खालिद तेव्हा मुंबईचा कोच होता, 2009 पासून. त्याची टीम आधी गोल अडवायची आणि मग जमलं तर करायची. मी तिथे बसून, वडापाव खात, मोठ्याने ओरडलो होतो, ‘अरे, पुढे जा की! कोच बदला!’ पुढच्या रांगेतल्या एका काकांनी वळून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘पहिल्यांदा आलायस का?’ मी गप्प बसलो. पुन्हा काही गेलो नाही.

त्याच वर्षी मुंबईने कोच बदलला. खालिद आयझॉलला गेला आणि पहिल्याच हंगामात चॅम्पियन झाला. मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला राहून खाली गेली आणि नंतर टीमच बंद झाली. 2025 मध्ये खालिद भारताचा कोच झाला, तेव्हा मी पुन्हा एकदा स्टाफरूममध्ये ‘आपला खालिद’ म्हणून चहा पाजला. त्या काकांची आठवण झाली आणि चहा थोडा कडू लागला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. लिंबूटिंबूच्या विजयाला दोन गोष्टी लागतात. एक त्याची मेहनत, ती त्याची तो करतो, त्यात आपला काही वाटा नाही. दुसरी म्हणजे उघडं दार, आणि ते उघडं ठेवणं बऱ्याच अंशी आपल्यासारख्या बघ्यांच्या हातात असतं.

आयझॉलचंच बघा. 2015-16 च्या हंगामात नऊ टीम होत्या. आयझॉल आठवी आली, पुण्याची डीएसके शिवाजियन्स नववी. पण शिवाजियन्सला लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला होता आणि त्याबरोबर खाली न जाण्याची सवलतही. म्हणजे शेवटचा आला तो राहिला आणि आठवा आला तो गेला. आपल्या महाराष्ट्राच्या टीमला अभय आणि त्याची किंमत मिझोरमने मोजली. मग गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या टीमनी भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेवर नाराज होऊन लीग सोडली. जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत बोलावणं आलं. हे मात्र नशीब, यात वाद नाही. पण नशिबाने फक्त दार उघडलं. आत जाऊन अठरा मॅच खेळायचं काम त्यांचं त्यांनाच करावं लागलं.

आणि जिंकल्यावर काय झालं? त्याच उन्हाळ्यात इंडियन सुपर लीगमध्ये नव्या टीम घेतल्या गेल्या, बोली लावून. आय-लीगमध्ये चौथ्या आलेल्या बंगळुरूला जागा मिळाली. पहिल्या आलेल्या आयझॉलला नाही. त्यांनी जागेची मागणी केली, निषेध केला, उपयोग शून्य. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये जाण्याचं दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 2023 मध्ये, पंजाब एफसीसाठी. त्या वेळी मेसमध्ये ‘आपला आपला’ करत फिरलेला मी 2017 च्या जूनमध्ये कुठे होतो? केटीच्या फॉर्मच्या लाइनीत असेन बहुतेक. आयझॉलला जागा नाकारली हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. विजयाच्या रात्री जागलेला चाहता दार बंद होताना मात्र झोपला होता.

आपल्या कर्जत-खालापूरच्या गावांतून कबड्डीचे सामने होतात, त्यांचे प्रेक्षक मला आमच्यापेक्षा मोठे वाटतात. गावची टीम पहिल्याच फेरीत बाद होणार हे माहीत असतं, तरी पोरं टेम्पोत कोंबून बरोबर जातात. म्हातारी माणसं रात्री दोनपर्यंत मफलर गुंडाळून बसतात. हरल्यावर परतताना कुणाची पकड चुकली यावर खोपोली येईपर्यंत भांडण. त्यांना चॅम्पियन लागत नाही, आपली टीम उभी राहिलेली लागते. मग कधी काळी ती टीम फायनल मारते, तेव्हा तो आनंद उसना नसतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आपल्याच ग्राउंडवर आहे. या वर्षीच्या आंतरविभागीय फुटबॉलसाठी अशी सूचना आली आहे, की टीम आठवरून सहावर आणाव्यात. परतीचा पाऊस लांबतो, मैदान वाळायला वेळ लागतो, दिवस कमी पडतात, ही अडचण खरी आहे. मैदानाच्या खालच्या गोलपोस्टपाशी भातखाचरासारखं पाणी साचतं, ते मीही बघतो. वगळायच्या दोन टीम म्हणजे फर्स्ट इयर आणि वर्कशॉप-मेसच्या कर्मचाऱ्यांची एकत्र टीम. कारण काय, तर ‘नाहीतरी ते पहिल्याच मॅचला हरतात.’ ज्या मीटिंगमध्ये ही सूचना आली तिथे मी हजर होतो. मी विरोध केला नाही. मान डोलावली. घरी जाताना पळसदरीच्या वळणावर एकदम डोक्यात प्रकाश पडला, की शिवाजियन्स राहिली आणि आयझॉल गेली, तेव्हाही एखाद्या खोलीत कुणीतरी अशीच मान डोलावली असणार.

ज्यांना पाऊस आणि वेळापत्रकाची काळजी आहे त्यांच्यासाठी तोडगा आहे. पहिल्या फेरीच्या मॅच पूर्ण वेळेच्या न ठेवता वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफच्या ठेवा, एका दिवसात दोन उरकतील. किंवा सगळ्यांत कमी गुणांच्या टीमना खरोखर एक पात्रता मॅच खेळायला लावा. हरले तर हरले. पण मैदानावर हरू द्या, कागदावर नको. फर्स्ट इयरचा मुलगा पहिल्या वर्षी 6-0 हरतो, म्हणूनच तिसऱ्या वर्षी त्याला खेळता येतं. आणि मेसचे दादा रात्रीचं जेवण वाढून, भांडी आवरून, मग प्रॅक्टिसला येतात, हे किती जणांनी पाहिलंय?

मित्रांनो, मी पुढच्या मीटिंगमध्ये माझं मत बदलून देणार आहे. एकट्याच्या मताने काही होत नाही, तेव्हा ज्यांना पटतं त्यांनी आपापल्या सी.आर.कडे नाव द्यावं. आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता मेसची टीम प्रॅक्टिस करते. येऊन बघा. त्यांचा गोलकीपर बचाव सोडून फार पुढे येतो. पण त्याच्यावर ओरडू नका. पहिल्यांदा आलायस का, असं कुणीतरी विचारील.