तुळाजीचा अस्त

बंगळुरात राहून समुद्रावरचा अंक कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर के. आर. मार्केटजवळच्या किल्ल्यात आहे. इंग्रज फौज 21 मार्च 1791 रोजी ज्या खिंडारातून आत शिरली, त्याची पाटी तिथे अजून आहे. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात पेशवे इंग्रजांचे मित्र होते. या मैत्रीचा एक जुना हिशेब विजयदुर्गावर मांडलेला आहे.

तुळाजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी कुप्रसिद्ध चाचा. आपल्या लेखी कान्होजींचा मुलगा, मराठी आरमाराचा सरखेल. त्याचा दस्तक न घेणाऱ्या गलबताची धडगत नसे. पण तो पेशव्यांनाही जुमानत नव्हता आणि शेजारच्या मराठी सरदारांनाही त्याचा उपद्रव होता. त्याला साधुपुरुष ठरवण्याचे कारण नाही.

प्रश्न शिक्षेच्या पद्धतीचा आहे. नानासाहेब पेशव्यांनी घरच्या बंडखोरासाठी कंपनीचे आरमार बोलावले. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. बंदरातले आंग्ऱ्यांचे आरमार जळाले, लूट इंग्रजांनी आपसांत वाटली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच वारला. किल्ला पेशव्यांना मिळाला तो बाणकोट देऊन.

विजयदुर्गानंतर पुढच्याच वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि प्लासीची लढाई झाली. कोकण किनाऱ्यावर कंपनीला अडवील असे आरमार मग उरले नाही. तुळाजीला आवरणे गरजेचे होते. आरमार वाचवणे त्याहून गरजेचे होते.