खाण तशी माती ?

‘खाण तशी माती’ ही म्हण पस्तीस वर्षांच्या शिक्षकीत मीं किती वेळां उच्चारली असेल, याची गणती नाहीं. एका मंद वाटणाऱ्या मुलाविषयीं तर ती त्याच्या वडिलांसमक्षच उच्चारली, आणि पुढील वर्षीं तो मुलगा शाळेंत दिसला नाहीं. परवां वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या नातीनें एका खऱ्या खाणीची व तेथील मातीची हकीकत सांगितली, तेव्हां त्याची आठवण झाली.

कॅनडांतील सडबरी येथें १८८३ सालीं आगगाडीचा रस्ता बांधतांना तांबें व निकेल यांचीं खनिजें सांपडलीं. पुढें कित्येक वर्षें तीं लांकडांच्या राशींवर उघड्यावर भाजीत. गंधकाच्या धुरानें झाडें करपलीं, पावसानें माती वाहून गेली, खडक काळे पडले आणि उरलेल्या मातींत आम्लता व धातूंचें विष सांचलें. तरीहि कांहीं झाडें तग धरून राहिलीं. त्यांत पांढरा बर्च हा प्रमुख. ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, त्याचाच हा भाऊबंद !

निकेल वनस्पतीस अत्यल्प लागतें. अधिक झालें कीं मुळें खुंटतात, पानें पिवळीं पडतात. सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठांतील संशोधकांनीं बर्चच्या रोपांना मुद्दाम निकेल दिलें. कांहीं रोपें करपलीं, कांहीं टवटवीत राहिलीं. टिकलेल्या रोपांत कांहीं जनुकें, म्हणजे वारशानें आलेल्या आज्ञा, अधिक जोमानें काम करीत असल्याचें त्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं एक ग्लूटाथायोन एस-ट्रान्स्फरेज हें प्रथिन घडवितें. तें विषारी द्रव्यें निरुपद्रवी करण्यास साहाय्य करतें. दुसरें थायोरेडॉक्सिन घडवितें. तें पेशींतील बिघडलेलीं प्रथिनें पूर्ववत् करतें. आणखी कांहीं जनुकें धातूंची ने-आण सांभाळतात. शिवाय दूषित व स्वच्छ जागेंतील झाडांची तुलना केली असतां, कित्येक जातींत आनुवंशिक वैविध्य फारसें घटलेलें आढळलें नाहीं. माती विषारी झाली, पण बीजांतील ठेव शाबूत राहिली. कोणत्या रोपांत काय दडलें आहे, हें मात्र वरून पाहून सांगतां आलें नसतें.

तथापि केवळ बीजाच्या बळावर तेथें अरण्य उभें राहिलें नाहीं. १९७८ पासून माणसांनीं, त्यांत विद्यार्थीहि पुष्कळ होते, चुनखडीची भुकटी पोत्यांनीं वाहून टेकड्यांवर हातानें पसरली. त्यामुळें आम्लता उतरली व धातूंचें विष मुळांना कमी बाधूं लागलें. मग खत व गवताचें बीं टाकलें, मग रोपें लावलीं. २०२२ पर्यंत लावलेल्या झाडांची संख्या एक कोटीवर गेली.

“आजोबा, रोप सुकूं लागलें तर आधीं माती तपासायची असते,” नात सहज बोलून गेली.

मीं ती तपासली नव्हती. तो मुलगा पहांटे चारला उठून घरोघर वर्तमानपत्रें टाकी आणि मग शाळेंत येई, हें त्यानें शाळा सोडल्यानंतर मला कळलें. वर्गांत त्याचे डोळे कां मिटत, याचें उत्तर त्याच्या कुळांत नव्हतें. आतां तो कोठें आहे, हें मला ठाऊक नाहीं. घरांतील एखाद्या मुलाविषयीं ही म्हण ओठांवर आलीच, तर वाचकांनीं ती क्षणभर आवरावी आणि त्याच्या मुळांपाशीं काय सांचलें आहे तें आधीं पाहावें, एवढीच विनंती.